प्रश्न विचारणारा कोण?

भीमाशंकराच्या मंदिराच्या आवारात एक जुनी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि पुढे त्या ठिकठिकाणच्या देवळांना वाहिल्या गेल्या, असे परंपरा सांगते. भीमाशंकराची घंटा त्यांतलीच. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर असलेली तिची बहीण जास्त प्रसिद्ध आहे. तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेली मरिया आहे आणि १७०७ हे साल आहे. ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला आलेल्या माणसाला त्या घंटेचे मूळ ठाऊक असो वा नसो, त्याचे काही अडत नाही.

आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरपट्ट्यात कॅथलिक पंथाची वस्तू आली ती अशी, लूट म्हणून. इथे राहायला आलेले मिशनरी मात्र प्रोटेस्टंट होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीने जुन्नरला ठाणे केले, आणि या भागातल्या जुन्या ख्रिस्ती परंपरेचा धागा त्या बाजूला जातो. कॅथलिक माणूस इथल्या लोकांना भेटतो तो पुण्यातल्या कॉन्व्हेंट शाळेत, सिस्टरांच्या दवाखान्यात, गोव्याच्या सहलीत किंवा हिंदी सिनेमात. सिनेमातला गुन्हेगार तर शेवटच्या रिळात हमखास कबुलीच्या जाळीपुढे गुडघे टेकतो. म्हणून कॅथलिकांवरचे आक्षेपही बहुधा ऐकीव असतात. ते मरियेची पूजा करतात. पोप चुकतच नाही असे मानतात. पाप करायचे, फादरच्या कानात सांगायचे आणि मोकळे व्हायचे. देवळात दारू पितात. आमिष दाखवून बाटवतात. गोव्यात त्यांनी माणसे जाळली.

ही यादी एका दमात म्हटली जाते, आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. हे आक्षेप एका तोंडचे नाहीत. मरियेबद्दलचा आक्षेप मुळात प्रोटेस्टंटांचा आहे, धर्मांतराचा आणि गोव्याचा हिंदूंचा, चमत्कारांचा विवेकवाद्यांचा. इंग्रजीत कॅथलिक बाजू मांडणारी पुस्तके ढिगाने आहेत, पण त्यांतली बरीचशी बायबल हातात घेऊन वाद घालणाऱ्या प्रोटेस्टंट वाचकासाठी लिहिलेली. ती उत्तरे जशीच्या तशी मराठीत उतरवली की समोरचा माणूस बदललेला असतो, आणि एकाला पटणारे उत्तर दुसऱ्याच्या हातात हत्यार देते. मराठी मुलखात या वादात उतरणाऱ्याने सर्वांत आधी विचारायला हवे की प्रश्न कोण विचारतो आहे. पुढचे सगळे विवेचन या एका मुद्द्याभोवती फिरते.

मराठीतला या प्रकारचा पहिला मोठा ग्रंथ प्रश्नांनीच भरलेला आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला, साष्टी प्रांतात आयुष्य काढले आणि १६१९ मध्ये तिथेच वारला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग, जुन्या आणि नव्या कराराची कथा. त्याची मांडणी संवादाची आहे: पाद्री सांगतो, ऐकणारे मध्येच थांबवून शंका काढतात. ग्रंथाचा आरंभच एका मागणीतून होतो. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एकजण म्हणतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत वाचायला काहीतरी द्या. पुढे काना गावच्या लग्नात येशू पाण्याचा द्राक्षारस करतो, त्या प्रसंगीही शंका येते: देवाने दारू कशी केली? आज वारकरी घरातला माणूस पहिल्या दहा प्रश्नांत हाच विचारील. चारशे वर्षांपूर्वी स्टीफन्सला तो अपेक्षित होता आणि त्याने तो टाळला नाही.

‘क्रिस्तपुराणा’नंतर तेरा वर्षांनी एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाने सेंट पीटरच्या चरित्रावर मराठी पुराण छापले. त्याचा भर हिंदू देवदेवतांच्या खंडनावर आहे. दोघांनी भाषा शिकली, दोघांनी ओवी उचलली. पण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्टीफन्सला मानाचे पान मिळाले आणि दुसऱ्याचे नाव अभ्यासकांपुरते उरले. यामागे काव्यगुण आहेतच. तरी प्रश्न ऐकून घेणारा आणि प्रश्न चिरडणारा यांतला फरक वाचकाला कळतो, असे मानायलाही जागा आहे.

मात्र स्टीफन्सच्या श्रोत्यांनी ‘आमची पुराणे बंद केलीत’ असे म्हणावे, यामागे काय होते, हे विसरून त्याच्या ओव्यांचे कौतुक करता येत नाही. त्याकडे पुढे यायचेच आहे.

एकोणिसाव्या शतकात मराठीत धर्मवादाचा हंगाम आला, तेव्हा रिंगणात कॅथलिक जवळपास नव्हते. १८३१ मध्ये मुंबईत जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांचा वाद झाला. १८५७ च्या सुरुवातीला विष्णुबावा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे मिशनऱ्यांशी वाद घालत होते. त्याच वर्षी बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ निघाले. विल्सन, पदमनजी, विष्णुबावांसमोर उभे राहणारे जॉर्ज बोएन, सगळे प्रोटेस्टंट. त्यामुळे मराठी वाचकाच्या मनात ‘पाद्री’ म्हणजे कोण याचे चित्र त्या वादांनी घडवले, आणि प्रोटेस्टंट पत्रिकांतले कॅथलिकविरोधी आक्षेपही त्याच वाटेने मराठीत रुजले. कॅथलिकांना मुंबईत इंग्रजी वाचक होता. ‘एक्झॅमिनर’ हे साप्ताहिक १८५० पासून चालत होते आणि १९०२ मध्ये त्याचे संपादक झालेले फादर अर्नेस्ट हल यांनी पुढची दोन दशके आक्षेपांना उत्तरे देण्यात घालवली. मराठीत असे व्यासपीठ उभे राहायला १९०३ साल उजाडले. नगर जिल्ह्यातल्या केंदळ गावी हेन्री डोरिंग या जर्मन जेझुइटाने ‘निरोप्या’ मासिक सुरू केले. हेच डोरिंग १९०७ मध्ये पुण्याचे बिशप झाले, म्हणजे जुन्नर-आंबेगाव ज्या धर्मप्रांतात येतात त्याचे प्रमुख. हल यांचा वाचक मुंबईत इंग्रजी चाळणारा, डोरिंग यांचा गोदाकाठच्या गावातला नुकताच अक्षरओळख झालेला. एकाच पंथाची, एकाच काळातली, एकाच जेझुइट संघाच्या दोन माणसांनी चालवलेली ही दोन पत्रे शेजारी ठेवून वाचण्याजोगी आहेत.

आता आक्षेपांकडे.

मूर्तींचा प्रश्न घ्यावा, कारण त्यावर बोलायला जुन्नरसारखी दुसरी जागा नाही. गावाभोवतीच्या डोंगरांत कोरलेली लेणी सातवाहन काळातली, बहुतेक बुद्धमूर्ती येण्याआधीची. चैत्यगृहात स्तूप आहे, मूर्ती नाही. इथल्या शिलालेखांत दान देणाऱ्या ‘यवनां’ची नावेही आहेत. त्याच डोंगरांतल्या लेण्याद्रीच्या सातव्या लेण्यात आज गिरिजात्मज गणपती बसला आहे आणि अष्टविनायकांच्या यात्रेकरूंची रीघ तिथे लागते. अमूर्ताकडून मूर्तीकडे जाणारी माणसाची ओढ इथे एकाच कड्यावर पाहायला मिळते.

प्रोटेस्टंट आक्षेपक दहा आज्ञांतली मूर्तीविरुद्धची आज्ञा पुढे करतो. कॅथलिक उत्तर इ.स. ७८७ च्या निकिया परिषदेपासून ठरलेले आहे: आराधना एकट्या देवाची, चित्राला किंवा पुतळ्याला दिलेला मान ज्याचे ते चित्र त्याला पोहोचतो. बायबलमध्येच कराराच्या कोशावर करूबांच्या सोन्याच्या आकृती आहेत, मोशेने पितळेचा साप उभारला आहे. हे उत्तर तर्काला धरून आहे. पण प्रामाणिक कॅथलिकाने त्या सापाची पुढची गोष्टही सांगावी. लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. म्हणजे मान आणि आराधना यांतली रेघ पुसली जाऊ शकते, हे बायबलला माहीत होते. ट्रेंटच्या परिषदेनेही १५६३ मध्ये प्रतिमांना मान देण्याचे समर्थन करतानाच अंधश्रद्धेचे प्रकार बंद करायला सांगितले होते. प्रोटेस्टंट मित्राशी बोलताना एवढे कबूल केले की वाद निम्मा सुटतो.

हेच उत्तर हिंदू आक्षेपकासमोर ठेवले तर? तो शांतपणे म्हणेल, आमचे म्हणणे तरी वेगळे काय होते? दगडाला आम्हीही देव म्हणत नाही, दगडातून देवाला भेटतो. मग आमच्या मूर्ती का फोडल्यात?

इथे प्रतिमाशास्त्र संपते आणि गोवा सुरू होतो. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत देवळे पाडली गेली. एकट्या साष्टीत १५६७ च्या सुमारास २८० च्या आसपास देवळे गेल्याची नोंद सांगितली जाते. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली. त्या काळी पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या फोंडा भागात हे देव आजही आहेत, आणि पुण्या-मुंबईची असंख्य कुटुंबे वर्षातून एकदा तिथे कुलदैवताला जातात. अनाथ झालेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा देण्याचा कायदा १५५९ चा. इन्क्विझिशनचे न्यायासन १५६० ते १८१२ चालले, मध्ये चार वर्षांचा खंड सोडून. १५६१ ते १७७४ या काळात त्यापुढे सोळा हजारांहून अधिक खटले झाले. कुंकळ्ळीत आधी देवळे उद्ध्वस्त झाली, मग जुलै १५८३ मध्ये संतापलेल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना आणि त्यांच्यासोबतच्या माणसांना ठार केले, आणि नंतर बोलणीसाठी बोलावलेल्या गावच्या प्रमुखांना असोळण्याला मारण्यात आले. चर्च त्या पाच जणांना हुतात्मे मानते. कुंकळ्ळीत त्या प्रमुखांचे स्मारक आहे. स्टीफन्स त्या वेळी गोव्यात होता.

या इतिहासाला कॅथलिक बाजूने ठरावीक उत्तरे दिली जातात. शिक्षा झालेल्यांपैकी प्रत्यक्ष जाळलेले थोडे. न्यायासनाचा अधिकार बाप्तिस्मा झालेल्यांवरच होता. तो काळच तसा होता. युरोपात प्रोटेस्टंट राजेही काही कमी करत नव्हते. यांतले पहिले विधान आकड्यांनी खरे ठरते. दुसरे अर्धेच खरे आहे, कारण धर्मांतरात अडथळा आणल्याच्या आरोपाखाली हिंदूही तिथे ओढले जात. तिसरे तर उत्तरच नव्हे. ज्या संस्थेचा दावा असा आहे की तिची नैतिक शिकवण काळावर अवलंबून नाही, तिला काळाची सबब शोभत नाही. कॅथलिकांवरच्या सर्व आक्षेपांत हा एकच असा आहे की ज्याला युक्तिवादाने उत्तर नाही.

उत्तर असेल तर ते कबुलीचे. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये जाहीर क्षमायाचना केली, त्यात सत्याच्या नावाखाली झालेल्या असहिष्णुतेचा उल्लेख होता, इतर संस्कृती आणि धर्म यांच्या हक्कांवर झालेल्या आघातांचाही. त्याआधी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये दोन दस्तऐवज मंजूर केले होते: एकात इतर धर्मांतले जे सत्य आणि पवित्र ते चर्च नाकारत नाही असे म्हटले, दुसऱ्यात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी करता येत नाही असे. गोव्याचे नाव घेऊन काही म्हटले गेले असते तर या मुलखात त्याचे वजन वेगळे झाले असते. पण १५६० आणि १९६५ यांच्यामध्ये शिकवणीने काही शिकलेच नाही असे म्हणणाऱ्याने हे दस्तऐवज वाचलेले नसतात, आणि काही बदलायची गरजच नव्हती म्हणणाऱ्या कॅथलिकानेही.

जाता जाता एक नोंद. गोव्याच्या इन्क्विझिशनवर १९६१ मध्ये सविस्तर ग्रंथ लिहिणारे अ. का. प्रियोळकर हेच भारतातल्या पहिल्या छापखान्यांचा आणि त्यातून निघालेल्या ख्रिस्ती मराठी-कोंकणी ग्रंथांचाही इतिहास लिहिणारे. १९५१ च्या कारवारच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. एकाच माणसाने दोन्ही बाजूंची कागदपत्रे तितक्याच निष्ठेने जमवली. या विषयावर मराठीत बोलणाऱ्याला याहून चांगला गुरू मिळणे कठीण.

संतांच्या मध्यस्थीचा आक्षेप त्या मानाने हलका आहे. जुन्नर तालुक्यातच आळे गावी ज्ञानदेवांनी वेद वदवलेल्या रेड्याची समाधी आहे, आणि ओतूरला चैतन्यांच्या समाधीवर भाविक माथा टेकतात. गेलेला संत ऐकतो आणि देवाजवळ आपले म्हणणे घालतो, हे इथल्या माणसाला पटवावे लागत नाही. श्रीरामपूरजवळ हरेगावला सप्टेंबरात भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेला आणि वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला सगळ्या धर्मांचे लोक जातात, मेणाचे हात-पाय वाहतात, नवस फेडतात. हे पाहून अस्वस्थ होतो तो प्रोटेस्टंट. त्याला कॅथलिक सांगतो की मरियेकडे आम्ही फक्त ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढेच मागतो. शिकवण नेमकी तीच आहे. यात्रेतल्या प्रत्येक नवसकऱ्याच्या मनात ती तशीच असते का, हा प्रश्न फादरांनाही पडत असणार.

कबुलीच्या संस्काराची थट्टा सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी माहितीवर केलेली. पश्चात्ताप, पुन्हा न करण्याचा निश्चय आणि केलेल्या नुकसानीची भरपाई यांशिवाय फादरने म्हटलेल्या मुक्तिवाक्याला चर्चच्या शिकवणीतच अर्थ नाही. चोरलेले पैसे खिशात ठेवून क्षमा मिळत नाही. पुण्याच्या वाचकाला एक ताडून पाहण्याजोगे प्रकरण घरचेच आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आणि इतर मंडळींच्या पुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली, आणि त्यावरून प्रायश्चित्ताचा वाद शहराने काही वर्षे चघळला. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनीही शेवटी घेतले आणि त्यामुळे सुधारकांचे बोल खाल्ले. ते मिशन अँग्लिकन होते, कॅथलिक नव्हे. पण दोष कोणता, तो कोणी ठरवायचा, तो फेडायचा कसा आणि फेडल्याचा दाखला कोणी द्यायचा, हे सगळे प्रश्न तिथेही होते.

धर्मगुरूंच्या अधिकाराला हरकत घेणारा सर्वांत धारदार मराठी आवाज मात्र ख्रिस्ती बाईचा आहे. पंडिता रमाबाई १८८३ ते १८८६ इंग्लंडमध्ये असताना अँग्लिकन भगिनींशी त्यांचा पत्रातून जो वाद झाला, तो आजही ताजा वाटतो. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले, आता दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. क्रुसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. कॅथलिक वाचकाने रमाबाईंना उत्तर देऊन पाहावे. पोपची अचूकता १८७० मध्ये ठरली ती श्रद्धा आणि नीती यांवरच्या औपचारिक घोषणेपुरती आणि त्यानंतर ती उघडपणे वापरली गेली एकदाच, १९५० मध्ये, मरियेच्या स्वर्गोन्नयनाबद्दल, हे सांगून रमाबाईंचे समाधान होणार नाही. त्यांचा आक्षेप पोप चुकतो की नाही हा नव्हता. माझ्या सदसद्विवेकाच्या वर कोणी का बसावे हा होता.

अविवाहित धर्मगुरूंबद्दल फार लिहायला नको. हा रोमन विधीचा शिस्तीचा नियम आहे, बदलता न येणारे तत्त्व नव्हे, आणि पूर्वेकडच्या काही कॅथलिक परंपरांत विवाहित पुरुषांना दीक्षा मिळते. संन्यास सोडून घरी परतलेल्या विठ्ठलपंतांच्या मुलांचे काय झाले हे माहीत असलेल्या समाजाला व्रत आणि व्रतभंग या दोन्हींचे मोल कळते. पण याच आक्षेपाच्या मागे दुसरा, जास्त गंभीर आक्षेप उभा असतो: धर्मगुरूंकडून झालेल्या मुलांच्या लैंगिक शोषणाचा आणि ते झाकणाऱ्या वरिष्ठांचा. पोप फ्रान्सिस यांनी मे २०१९ मध्ये तक्रार कळवणे धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना बंधनकारक केले. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणे सर्वांनाच बंधनकारक आहे. इथे धर्मशास्त्र काढून बसणाऱ्या कॅथलिकाचे कोणीही ऐकू नये.

विवेकवाद्याशी बोलताना कॅथलिकांची स्थिती जरा बरी आहे. जुन्नर तालुक्यातल्या खोडदला प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. तिथून परतणारा विद्यार्थी गॅलिलिओचे नाव काढणारच. १६३३ चा तो निकाल चुकीचा होता हे चर्चने १९९२ मध्ये औपचारिकपणे मान्य केले. साडेतीनशे वर्षे लागली, हे लाजिरवाणेच. त्याच विद्यार्थ्याला हेही सांगावे की विश्व प्रसरण पावते आहे आणि त्याला एक आरंभ असावा, ही मांडणी करणाऱ्यांत जॉर्ज लमेत्र हा बेल्जियन कॅथलिक धर्मगुरू अग्रभागी होता. पण लमेत्रचे नाव घेऊन थांबता येत नाही. मार्च २०१२ मध्ये विलेपार्ल्यात एका क्रुसावरून पाणी ठिबकू लागले आणि गर्दी जमली. विवेकवादी सनल एडामारुकू यांनी पाहणी करून हा तुंबलेल्या गटाराच्या पाण्याचा केशाकर्षणाचा परिणाम असल्याचे दाखवले. त्यावर काही कॅथलिक मंडळींनी धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी पोलिसांत दिल्या आणि एडामारुकू देश सोडून फिनलंडला गेले. चमत्काराला कडक तपासणी लावणारी चर्चची स्वतःची पद्धत आहे, तिचा अभिमान सांगितला जातो. तपासणी करणाऱ्या बाहेरच्या माणसावर खटला भरणे त्या अभिमानात बसत नाही.

धर्मांतराचा आक्षेप सध्या सर्वांत जोरात आहे, आणि त्याची कागदोपत्री परंपराही मराठी मुलखातूनच जाते. विदर्भ मध्य प्रदेशात असताना १९५४ मध्ये नागपूरचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणारी समिती नेमली गेली. १९५६ च्या तिच्या अहवालाने आमिषाचे आणि दबावाचे आरोप नोंदवले. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, फादर स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात, धर्मप्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार येत नाही असा निकाल दिला. कॅथलिक बाजू म्हणते, शाळा-दवाखान्यांत शिकून, बरे होऊन गेलेल्या लाखो हिंदूंपैकी किती ख्रिस्ती झाले ते मोजा. बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद नगरकडच्या दुष्काळांच्या इतिहासापाशी अडखळतो. धान्य आणि बाप्तिस्मा त्या काळी एकाच दारातून मिळाले, हे तिथल्या कुटुंबांच्या आठवणींत आहे. उलट ज्या महार-मांग कुटुंबांनी तो दरवाजा ओलांडला, त्यांना गावाने त्याआधी काय दिले होते, हेही विचारावे लागते. माणसाने धर्म बदलला तो पोटासाठी की मानासाठी, याचा निवाडा पोट भरलेल्यांनी करणे शोभत नाही.

याला जोडून एक उफराटा आक्षेप. १९६९ मध्ये भारतीय चर्चला उपासनेत आरती, अंजली, भारतीय बैठक वगैरे बारा गोष्टींची परवानगी रोमकडून मिळाली. परकीय म्हणून हिणवले जाणारे चर्च भारतीय रूप घेऊ लागताच ‘हा वेषांतराचा डाव आहे’ अशी टीका सुरू झाली. बूट घातले तर साहेब, काढले तर सोंगाडी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या वाट्याला हे दोन्ही आले. वसईच्या ‘सुवार्ता’चे संपादक, ‘सुबोध बायबल’साठी साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळवलेले, आयुष्यभर मराठीत लिहिलेले दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष निवडले गेले, तेव्हा पाद्री अध्यक्ष कसा, म्हणून काही संघटनांनी विरोध केला. संमेलन झाले. २०२४ मध्ये दिब्रिटो गेले. संमेलनाच्या मांडवात त्यांच्या पंथाच्या शिकवणीवर कोणी प्रश्न विचारले असते, तर ते रंगून बोलले असते. तिथे आक्षेप शिकवणीला नव्हता, झग्याला होता.

शेवटचा आक्षेप बाहेरून येत नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचे लाभ हिंदूंपुरते ठेवले. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. १९८५ मध्ये सूसाई या मद्रासच्या ख्रिस्ती चर्मकाराने दाद मागितली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने विचारले की धर्म बदलल्यावरही तेवढेच मागासलेपण आणि तोच जाच उरतो, याचा पुरावा कुठे आहे. म्हणजे न्यायालयात दलित ख्रिस्ती माणसाला सिद्ध करावे लागते की बाप्तिस्म्यानंतरही जात सुटली नाही, चर्चमध्येही नाही. आणि गावात फादरला सांगावे लागते की ख्रिस्तात जात नाही. दोन्ही विधाने एकाच चर्चच्या नावाने केली जातात. भारतीय कॅथलिक बिशपांच्या परिषदेने २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून चर्चमध्ये जातिभेद असल्याचे लेखी मान्य केले. २००४ पासूनच्या याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे गेल्या, आणि २०२२ च्या ऑक्टोबरात केंद्र सरकारने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नावर नेमला. त्या आयोगासमोर नगर-संभाजीनगरकडच्या एखाद्या कॅथलिक कुटुंबाने काय सांगायचे, स्मशानातल्या वेगळ्या कोपऱ्याबद्दल बोलायचे की गप्प राहायचे, हे त्याला कोणतेही प्रश्नोत्तरांचे पुस्तक सांगू शकत नाही.